माहेरी घेतलेली चाचणी

शिमगा सरला की दौंड-शिरूर रस्त्याला कांद्याचा वास यायला लागतो. आमच्या कारखान्याची व्हॅन सकाळी दौंडहून निघते. न्हावरं मागं पडलं की दोन्ही बाजूंना काढणीचे वाफे लागतात आणि व्हॅनमधले सगळे पटापट काचा लावून घेतात. मी माझी काच उघडीच ठेवते. त्यावरून दरवर्षी एकदा तरी कुरकुर होते. मागच्या सीटवरून स्टोअरचे साहेब म्हणतात, "मॅडम, डोळ्यांतून पाणी येतंय." मी म्हणते, येऊ द्या, फुकटात साफ होतायत.

आणि हा वास काही एकच नसतो. नुकत्याच उपटलेल्या कांद्याचा वास थेट नाकात चढतो. तीन-चार दिवस उन्हात पडून माना मऊ पडलेल्या कांद्याचा वास गोडसर असतो, लांबून कुणाच्या तरी चुलीवर काहीतरी शिजत असावं असा. चाळीत एखादा कांदा नासला तर त्याचा वास मात्र घरातल्या माणसांना जेवू देत नाही. माझं माहेर निमोण्याचं, त्यामुळे हे तिन्ही वास मला अक्षरओळख होण्याआधीपासून कळतात. दहावीचे पेपर कांदाकाढणीतच यायचे. मी वाफ्याच्या कडेला बसून भूगोल वाचायचे आणि पुस्तकाच्या पानांत कांद्याचे लाल पापुद्रे उडून येऊन बसायचे. ते पुस्तक पुढं धाकट्या बहिणीनं वापरलं, तेव्हाही त्याला वास येत होता.

काढणी म्हणजे खरं तर दोन कामं. आधी कांदा उपटायचा आणि एकाच्या पातीनं दुसरा झाकत वाफ्यातच पसरून ठेवायचा. मग पात वाळली की बायकांची टोळी बसते कापायला. डाव्या हातात कांदा, उजव्या हातात विळा, पात विळ्याच्या धारेवर अंगठ्यानं दाबायची आणि ओढायची. खस्स. मान इंचभर ठेवायची. जास्त राहिली तर व्यापारी नाक मुरडतो, कमी राहिली तर कांदा चाळीत टिकत नाही. एक बाई दिवसाला असे हजारांनी कांदे कापते आणि त्यातल्या प्रत्येक कांद्याला तिचा अंगठा लागतो. ही गोष्ट मी लहानपणापासून बघत होते, पण तिच्याकडं लक्ष द्यायला मला चाळिशी गाठावी लागली.

माझं काम सांगायचं तर मी शेतीची आणि बागेची हातहत्यारं आखते. कात्र्या, खुरपी, फवारणीच्या नळ्या, असलं. शिरूरच्या बाजूला आमचा छोटा कारखाना आहे. दौंडला सासर, म्हणजे घर दौंड शहरात आणि शेती पाटसच्या अलीकडं. कारखान्यात आमच्या विभागाच्या भिंतीवर एक वाक्य लावलेलं आहे, की वापरणाऱ्याचं ऐका. वापरणाऱ्याला आम्ही ऑफिसात 'युजर' म्हणतो. युजरला भेटायचं, त्याला प्रश्न विचारायचे, नमुना करून त्याच्या हातात द्यायचा, त्याला काय खुपतंय ते टिपायचं आणि परत पहिल्यापासून सुरुवात करायची. ऐकायला हे सोपं आहे. मी नवीन पोरापोरींना ते शिकवतेही. पण तीन वर्षांपूर्वीच्या कांद्याच्या हंगामात मला कळलं, की ऐकणं म्हणजे काय हेच मला नीट येत नव्हतं.

त्या वर्षी माझी युजर होती हौसामावशी. सख्खी मावशी नव्हे, माहेरच्या गावातली. साठीच्या आसपासची. तिच्या माहेर-सासर दोन्हीकडची माणसं पूर्वी मेंढरामागं हिंडायची. तिच्या लग्नानंतर काही वर्षांनी ती निमोण्यात स्थिरावली, थोडी जमीन केली. नवरा जाऊन बराच काळ झाला, दोन्ही मुलं चाकणला कामाला. आमच्या वाफ्यात कांदा कापायला येणारी आठ बायकांची टोळी आहे, तिच्यात ती पहिल्यापासूनची. टोळीची मुकादम कांताकाकू. टोळीची पद्धत अशी, की सगळं रान एकत्र उक्तं, म्हणजे ठरावीक रकमेला, घ्यायचं आणि वाटणी सगळ्यांना सारखी. पण बसताना प्रत्येकीची ओळ वेगळी आणि प्रत्येकीचा कापलेल्या कांद्याचा ढीगही वेगळा. संध्याकाळी ट्रॅक्टर येतो तेव्हा आठ ढीग शेजारी शेजारी दिसतात. त्याबद्दल कुणी काही बोलत नाही, मात्र बघतात सगळ्याजणी.

पाडव्याला मी माहेरी गेले होते, तेव्हा मावशीनं चहाची बशी डाव्या हातानं उचलली. उजव्या हाताचा अंगठा मुळाशी सुजून वर आला होता. शिरूरच्या डॉक्टरांनी सांध्याची झीज सांगितली होती आणि विश्रांती घ्या म्हणाले होते.

"मग घे की विश्रांती," मी म्हणाले.

"घरी बसून काय करू? भिताडासंगं बोलू?" ती म्हणाली. "हितं आठजणी हायत. सकाळपास्नं कुनाची सून काय म्हनाली, कुनाचं पोरगं कुठं चिकाटलं, समदं कळतं. घरी टीव्ही हाय, पर त्यो आपलं ऐकत न्हाई."

मग जरा थांबून म्हणाली, "ह्यो हंगाम निभला तर निभला. माझा ढीग कमी पडाय लागला की मी आपनहून घरी बसनार. कांता बोलायची वाट बघनार न्हाई. सारखी वाटनी घ्यायची आन् अर्धा ढीग दावायचा, आसलं आपल्याच्यानं हुनार न्हाई."

हे तिनं कुरकुर न करता सांगितलं, उद्या बाजार आहे असं सांगावं तसं. मला मात्र ते फार लागलं. मी लहान असताना आईबरोबर वाफ्यात जायचे, तेव्हा मला उन्हात झोप लागली की हौसामावशी तिचं ओढणीएवढं फडकं माझ्यावर टाकायची. ती घरी एकटी बसलेली मला डोळ्यांसमोर आणता येईना. आणि मी हत्यारं आखणारी बाई होते. एका अंगठ्याचा प्रश्न मला सुटणार नाही, असं मला वाटलंच नाही.

कारखान्यात मी सगळं रीतीप्रमाणे केलं. फोटो काढले, मोबाइलवर व्हिडिओ घेतले, हाताची हालचाल कागदावर काढली. अंगठ्यावरचा भार काढायचा तर मूठ आवळायला लागता कामा नये, म्हणून तळहाताला पट्ट्यानं बांधायचं हत्यार काढलं. आकड्यासारखी वाकडी छोटी पाती, तिच्यापुढं इंचभराची अडणी, म्हणजे मान बरोबर राहावी, आणि मागं पट्टा. विळा धरायचाच नाही, हातालाच विळा लावायचा. आमच्या विभागाच्या साहेबांना आवडलं. आम्ही त्याला 'पकड' नाव दिलं. नाव सगळ्यात आधी ठरतं, हा आमच्या धंद्याचा जुना रोग आहे.

एप्रिलच्या मध्याला मी पकड घेऊन निमोण्याला गेले. आप्पा, म्हणजे माझे वडील, बांधावर उभे राहून बघत होते. त्यांनी एकच विचारलं, "काम लवकर हुईल का?" मी म्हटलं, आप्पा, हे लवकर होण्यासाठी नाही, अंगठा दुखू नये म्हणून आहे. ते "बरं बरं" म्हणून विहिरीवरच्या मोटारीकडं निघून गेले. मावशीच्या हाताला मी स्वतः पट्टा बांधला. तिनं दहा-बारा कांदे कापून दाखवले. बाकीच्या हात थांबवून बघत होत्या.

"कसं वाटतंय?"

"ब्येस हाय."

"दुखतंय का?"

"छ्या. कशाला दुखंल."

माझ्याकडं छापलेला कागद होता, एक ते पाच गुण द्यायचा. पकडायला सोपं आहे का, कापायला सोपं आहे का, दिवसभर वापराल का. मी वाचून दाखवलं आणि विचारलं, पाचापैकी किती?

"धा दे," मावशी म्हणाली. "तुझंच हाय, हात कशाला आखडतीस?"

सगळ्या हसल्या, मीही हसले आणि पाच लिहिले. दिवसभर मी रानात थांबले नाही, घरी भावजयीबरोबर कुरडया घालायला बसले. संध्याकाळी ट्रॅक्टर भरताना मात्र जाऊन उभी राहिले आणि पाट्या मोजल्या. बाकीच्यांच्या नऊ-नऊ भरल्या. मावशीच्या साडेआठ. मी त्या साडेआठाखाली दोन रेघा ओढल्या. दुसऱ्या दिवशीही तेच, आठ आणि वर थोडं. मी दौंडला परत येताना गाडीत एकटीच हसत होते, असं मला न्यायला आलेला माझा नवरा सांगतो.

ऑफिसात सगळ्यांना पेढे नाही, पण भेळ दिली. साहेब म्हणाले, आता दुसऱ्या टोळीत बघू, वेगळ्या गावात, मग साच्याला टाकू. मी बारा नग करून घेतले आणि पाटसकडं माझ्या सासरच्या रानात नेले. तिकडं ऊस जास्त, पण कांदाही बराच असतो. माझी चुलत जाऊ शालन तिथल्या बायकांची टोळी चालवते. साखर कारखान्याचा हंगाम नुकताच संपला होता आणि कापणीच्या बायका मोकळ्या होत्या. सकाळी आठला मी बारा जणींच्या हाताला बारा पट्टे बांधले आणि लिंबाखाली बसले.

साडेनऊला त्यातल्या अकरा पकडी बांधावर पडल्या होत्या. बारावी शालनच्या हातात होती आणि ती तिनं गोणीची सुतळी तोडत होती.

"वैशाली, इकडं ये," ती म्हणाली. "हे कुनी काढलं?"

"मी काढलं."

"तू कांदा कापलाय का कवा? दिवसभर?"

मग ती सुरू झाली. पट्ट्याखाली घाम येतो, त्यात कांद्याचा चीक, तळहात बुळबुळीत होतो. बक्कल बांगड्यांवर आपटतं, एकीच्या दोन बांगड्या फुटल्या आणि ते म्हंजी सकाळी सकाळी अपशकुन. वाळलेली पात त्या अडणीत गुंतून बसती, दर दहा कांद्यांना ती काढायची. "आन् मला सांग, पदर खाली आला तर काय करायचं? पानी प्यायचं तर? नाकावर माशी बसली तर? परत्येक बारीला हे सोडायचं आन् परत बांधायचं? तू ह्ये कापायपुरतं काढलंस. बाईचा हात काय दिवसभर नुसता कापतोय व्हय?"

बाकीच्याही बोलायला लागल्या. कुणी पट्टा आखूड म्हणाली, कुणी पाती उलटी म्हणाली. आमच्या सासूबाई रानात नुसत्या डबा घेऊन आल्या होत्या. त्यांनी एकही कांदा कापला नव्हता, तरी त्यांनाही दोन दोष सापडले. मी सासरी आणलेल्या भाजीपासून पडद्यापर्यंत सगळ्याला नावं ठेवली गेलीत, त्याची मला सवय आहे. पण ते ऐकताना माझं पेन थांबत नव्हतं. चार पानं भरली. नोकरीला लागल्यापासून मला इतकी उपयोगाची चार पानं मिळाली नव्हती.

संध्याकाळी पाटसच्या फाट्यावर एसटीची वाट बघत बसले, तेव्हा हिशेब जुळेना. शालन म्हणत होती ते खरंच होतं, मी डोळ्यांनी बघितलं होतं. मग हौसामावशीनं साडेआठ पाट्या कशा भरल्या? दुखरा अंगठा, बुळबुळीत पट्टा, अडणीत गुंतलेली पात. चांगल्या हाताच्या बायकांना जे जमलं नाही, ते तिला कसं जमलं?

नावं ठेवणं हा शब्द आपण वाईट अर्थानं वापरतो. आपल्याकडं माहेरवाशिणीनं काही केलं, आणलं, तर त्याला नावं ठेवत नाहीत. ती चार दिवसांसाठी आलेली, आपल्या हातानं करून आणलेलं, कसंही असलं तरी गोड मानून घ्यायचं. आमच्या आईनं माझी खारट आमटी हसत हसत दोनदा वाढून घेतलेली मला आठवते. सुनेचं तसं नाही. सुनेच्या आमटीत मीठ बरोबर असलं तरी कुणीतरी चमचा थांबवतं. मी हे सगळं जन्मभर बघितलं, भोगलं, त्यावर विनोद केले, आणि तरीही चाचणी घ्यायला माहेरी गेले. नवीन पोरांना आता मी सांगते, की वस्तू सासरी तपासून घ्यावी. ती हसतात, त्यांना वाटतं मॅडम गंमत करतायत.

मी त्याच आठवड्यात निमोण्याला गेले, घरी न कळवता. फाट्यावर उतरून ओढ्याच्या अंगानं चालत रानात शिरले. टोळी मागच्या वाफ्यात बसली होती, उन्हाकडं पाठ करून, म्हणजे माझ्याकडंही पाठ. चपलेत ढेकूळ गेलं म्हणून मी बांधाशी थांबले आणि वर बघितलं, तर कांताकाकूच्या हातातून एक कांदा उजवीकडं उडाला आणि हौसामावशीच्या ढिगावर पडला. काकूचं बोलणं चालूच होतं. तिनं तिकडं बघितलंही नाही. मग मावशीच्या दुसऱ्या बाजूच्या बाईचा एक. मग पलीकडून कुणाचा तरी, लांबून, पण नेमका. स्वतःच्या ढिगात दहा-बारा, मावशीच्या ढिगात एक, असं ते चाललं होतं. पकड मावशीच्या मांडीवर पडली होती. मावशी विळा डाव्या हातात घेऊन, सावकाश, एकेक कांदा कापत होती. तिची मान खाली होती.

मी किती वेळ उभी होते कोण जाणे. मला स्वतःची लाज वाटली. त्या साडेआठ पाट्यांखाली मी दोन रेघा ओढल्या होत्या, भेळ वाटली होती.

पाणी प्यायच्या निमित्तानं मी कांताकाकूला बाजूला घेतलं. "काकू, मला सांगायचं ना."

"काय सांगायचं?" ती म्हणाली. "माहेराला आलीस, येवढं करून आनलंस. त्याला नावं ठेवायची? आन् हौसाला तरी काय सांगायचं, घरी बस म्हनून?"

"तिला माहीत आहे?"

काकूनं पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

उत्तर मावशीनंच दिलं, दुपारी भाकरी खाताना. मी तिच्यासमोर पकड ठेवली आणि म्हणाले, मावशी, मी बघितलं. आता खरं सांग. तिनं हातातला भाकरीचा तुकडा खाली ठेवला.

"मला दिसत न्हाई व्हय?" ती म्हणाली. "कांदा पडल्याला आवाज येतो की. रोज सांजच्याला माझा ढीग बघते आन् मान वर करवत न्हाई. त्यो माझा ढीगच न्हाई. पर नगं म्हनले तर घरी बसावं लागंल. म्हनून गप बसले. तू मोजत हुतीस तवा तर जमीन फाटावी वाटत हुतं."

बाकीच्या सातजणी खाली बघून जेवत होत्या. मी म्हणाले, माझं चुकलं. मग विचारलं, "ह्या पकडीत काय वाईट आहे?"

"न्हाई, तसं ब्येसच..."

"मावशी, मी सासरी ऐकून आले आहे. चार पानं आहेत. तू पाचवं सांग."

तेव्हा तिनं पकड हातात घेतली, उलटीपालटी केली आणि आधी बारीकसं सांगितलं, बांगडी अडकते. मग पट्टा. मग चीक. हे सगळं शालननंही सांगितलं होतं. शेवटी ती म्हणाली, "आन् खरं सांगू का, तू अंगठ्याला सुट्टी दिलीच न्हाईस. विळा धरायचा हुता, आता पट्टा वढायचाय. अंगठा त्योच. हातात धरायचंच कशाला पर?"

"मग कुठं धरायचं?"

"जिमिनीत," ती म्हणाली, इतकं साधं कसं कळत नाही, अशा आवाजात. "आमी मेंढरं कोंडायला वाघर लावायचो, जाळी गं. तिच्या मेखा कुटंबी ठोकायच्या, काळ्या रानात, मुरमाडात. दगडानं दोन घाव, की हालत न्हाई. सकाळी उपटली की पुढं. तशी मेख कर, तिला पातं लाव. मी दोनी हातांनी पात धरून वढंन. मुठीनं. अंगठ्याचं काय काम?"

घरातली विळी पायाखाली धरून बायका दोन्ही हातांनी चिरतात, हे मला माहीत होतं. ढेकळांच्या रानात विळी डुगडुगते म्हणून मी तो विचार पहिल्याच दिवशी खोडला होता. ठोकायचं मला सुचलं नाही, कारण मी कधी मेंढरामागं हिंडले नव्हते. तिनं तिचं अर्धं आयुष्य त्या मेखा ठोकण्यात घालवलं होतं आणि मी तिला एक ते पाच विचारत बसले होते.

पुढचे दहा-बारा दिवस मी जवळजवळ रोज निमोण्याला जात होते. आप्पांच्या गोठ्यातली लोखंडी मेख घेतली, जुन्या कोयत्याचं पातं कापून तिच्या डोक्यावर बसवलं. पाबळच्या ग्रामीण तंत्रशाळेत शिकताना वेल्डिंग केलं होतं, ते हात इतक्या वर्षांनी परत कामाला आले. पहिला सांधा फारच गबाळा झाला. पहिली मेख उंच झाली, खांदे भरून आले. दुसरी ओढली की फिरायची, म्हणून खालचं टोक गोलऐवजी चपटं केलं. मान इंचभर राहावी म्हणून मी परत अडणी लावणार होते, तर मावशी म्हणाली, ती मोड, कापनाऱ्याला इंच कळतो. पातं उघडं राहतं, पोरंबाळं रानात असतात, ही काळजी कांताकाकूची. तिनंच सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणून टोपणासारखा वर चढवला. आता त्यांना बोलायची सवय लागली होती. मी बांधावर दिसले की "आली बघा, हिला आज काय काय सांगायचंय" असं सुरू व्हायचं. आप्पांना हे बरं वाटत नसे. त्यांच्या लेकीला रानात कुणी बोलावं, हे त्यांनी कधी बघितलं नव्हतं.

कारखान्यानं ती मेख घेतली नाही. साहेबांनी हातात घेऊन नीट बघितली आणि म्हणाले, चांगलंय, पण यात आपण विकायचं काय? गावचा लोहार पाऊण तासात करून देईल. ते बरोबरच म्हणाले. आता न्हावऱ्याच्या आणि निमोण्याच्या लोहारांकडं अशा मेखा टांगलेल्या दिसतात, पाटसकडंही गेल्यात; तिकडं शालननं पातं थोडं तिरकं करून घेतलंय आणि तेच बरोबर असं ती सगळ्यांना सांगते. कुणी आखली ते कुणाला माहीत नाही. बारा पकडी माझ्या टेबलाच्या खालच्या खणात आहेत. नवीन माणूस विभागात आला की त्यातली एक मी त्याच्या हाताला बांधते आणि त्याला पाणी प्यायला सांगते.

त्या हंगामातला आमचा शेवटचा वाफा मे महिन्यात निघाला. ऊन असं होतं, की सकाळी दहालाच ढेकळं हाताला भाजायची. मावशीनं तिची मेख स्वतः ठोकली, दगडाचे दोन घाव. बसण्याआधी ती टोळीकडं वळून म्हणाली, "आज माझ्या ढिगात कुनी काय टाकायचं न्हाई. टाकलं तर मी उचलून परत फेकंन." दिवसभर मी बांधावरच्या लिंबाखाली बसले, या वेळी उठून घरी गेले नाही. दोन्ही मुठींत पात धरून ती ओढायची, कांदा सोडायची, दुसरा घ्यायची. मध्येच थांबून हात झटकायची, पदर सावरायची, पाणी प्यायची, शेजारणीच्या सुनेचं काहीतरी ऐकून मोठ्यांदा हसायची. तिचा वेग इतरांसारखा नव्हता. अंगठ्याची झीज मेखेनं भरून निघणार नव्हती, आणि हे तिला माझ्याआधी कळलेलं होतं.

संध्याकाळी ट्रॅक्टर आला. सात ढीग आणि एक छोटा. तो लांबूनही छोटा दिसत होता. मी कागद बाहेर काढला नाही. मावशीच म्हणाली, "मोज आता."

मी पाट्या भरल्या. बाकीच्यांच्या नऊ, कुणाच्या साडेनऊ. तिच्या पाच.

"पाच," ती म्हणाली. साडीवरचे पापुद्रे झटकत उभी राहिली आणि तिनं कांताकाकूकडं सरळ बघितलं. "कांता, ह्ये येवढंच हुतंय माझ्याच्यानं. लपवून काय उपेग? आता उद्या त्या कॅनॉलकडच्या रानात येऊ का नगं, ते तू सांग."

कांताकाकू आपल्या डब्याचं फडकं बांधत होती. तिनं गाठ पक्की केली, डबा काखेत घेतला आणि चालायला लागता लागता, मागं न बघता म्हणाली, "सातला गाडी सुटंल. उशीर केलास तर थांबनार न्हाई."